लेप दिला तरी पॅलेडियम टिकत नाही: दोष नेमका कुठे, ते कसं शोधायचं

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी छोटी बाटली घेऊन येतं. आत तपकिरी पावडर असते, म्हणजे उत्प्रेरक: गॅमा ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) आधारावर एक टक्का पॅलेडियम, त्यावर ॲल्युमिनाचाच पातळ लेप. काम असतं सीएनजीच्या धुरात न जळता राहिलेला मिथेन जाळण्याचं. तक्रार दोनांपैकी एक. "मॅडम, लेप दिल्यापासून मिथेन जळतच नाही." किंवा, "जळतो, पण पन्नास तासांत बिनलेपाच्या पावडरीइतकाच खाली येतो." आणि दोन्ही तक्रारींमागे ठरलेला प्रश्न: "लेपाच्या अजून दहा फेऱ्या देऊ का?"

नका देऊ. निदान लगेच तरी नका देऊ. लेप लागलाच नाही की जास्त झाला, हे रूपांतरणाच्या, म्हणजे किती टक्के मिथेन जळाला याच्या, आलेखावरून कळत नाही. आलेख एवढंच सांगतो की काम मंदावलं. कण मोठे झाले असतील. कण तेवढेच राहून लेपाखाली गाडले गेले असतील. धातूवर पाणी नाहीतर गंधक बसलं असेल. किंवा लेप सगळा आधारावर चढला असेल आणि धातू उघडाच राहिला असेल. या चारही दुखण्यांवरचे उपाय वेगळे आहेत, काही तर एकमेकांच्या उलट. गाडल्या गेलेल्या कणांवर आणखी दहा फेऱ्या दिल्या तर ते आणखी खोल जातात. म्हणून नवी बॅच लावण्याआधी हातातल्या पावडरीकडून तीन आकडे काढून घ्यायचे: वजन किती वाढलं, धातूच्या उघड्या जागा किती उरल्या आणि कणांचा आकार किती आहे. हे आकडे लेपाआधी, लेपानंतर, भाजल्यावर आणि चाचणी संपल्यावर, असे चारही वेळा हवेत. चारपैकी एका टप्प्यावर गोष्ट बिघडलेली असते, आणि मधला एखादा टप्पा मोजायचा राहिला तर नेमका तोच नडतो.

कण वाढतात का, ते थोडक्यात. पॅलेडियम १५५५ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे १८२८ केल्व्हिनला. धातूच्या पृष्ठभागावरचे सैल अणू वितळबिंदूच्या साधारण ०.३ पटीला हलू लागतात, याला ह्यूटिग तापमान म्हणतात. पॅलेडियमसाठी ते २७५ अंशांच्या आसपास येतं. अर्ध्यावर, म्हणजे ६४० अंशांच्या जवळ, सगळा कणच सैलावतो. हे टामान तापमान. हे दोन्ही आकडे ठोकळ धातूचे. दोन-तीन नॅनोमीटरच्या कणाला एवढीही सवलत मिळत नाही. इंजिनावर भार असताना धूर ७०० अंशांच्या पुढे जातो. तेव्हा अख्खे कण सरकत जाऊन एकमेकांना चिकटतात, आणि लहान कणांतून सुटलेले अणू मोठ्या कणांवर जाऊन बसतात. लेप म्हणजे मध्ये उभी केलेली भिंत. पण भिंतीला मिथेन आणि ऑक्सिजन आत येण्याइतकी दारं ठेवावी लागतात. सगळी कसरत त्या दारांचीच आहे.

आधी खात्री करा: कण खरंच वाढलेत का?

मी पाहिलेल्या बाटल्यांपैकी बऱ्याच बाटल्यांत कण वाढलेलेच नव्हते.

मिथेन जळताना पाणी तयार होतं, आणि खऱ्या धुरात तर ते आधीपासूनच भरपूर असतं. साधारण ४५० अंशांच्या खाली हे पाणी पॅलेडियम ऑक्साइडवर हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट) होऊन बसून राहतं आणि मिथेनला जागा मिळत नाही. तासागणिक काम उतरत जातं, आणि आलेख हुबेहूब सिंटरिंगसारखा, म्हणजे कण चिकटून मोठे झाल्यासारखा, दिसतो. तपासायला सोपं आहे. मिथेन आणि वाफ बंद करा, ५५० अंशांवर तासभर कोरडी हवा सोडा, पुन्हा मूळ तापमानाला या आणि मोजा. काम परत आलं तर कण जागेवर आहेत, दोष पाण्याचा आहे. अशा वेळी लेप जाड करून काहीही साधत नाही.

सिलिंडरमधला शुद्ध मिथेन सोडून कुणी थेट पाइपातला गॅस वापरत असेल, तर गंधकाचा संशय घ्या. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये वासासाठी मरकॅप्टन घातलेलं असतं. त्यातलं गंधक जळून पॅलेडियमवर आणि ॲल्युमिनावर सल्फेट बनून बसतं. कोरड्या हवेने ते जात नाही. थोडा वेळ हायड्रोजन दिल्यावर काम बऱ्यापैकी परतलं, तर तेच कारण. पाणी आणि गंधक दोन्ही बाजूला काढल्यावर जी घट उरते, तिच्यावरच लेपाच्या नावाने चर्चा करायची.

१०० टक्क्यांवर चालवलेली चाचणी काहीच सांगत नाही

याच्यावर मी थोडं जास्त लिहिते, कारण इथे माझी स्वतःची दीड वर्षं गेली.

आमचा एक लेपित नमुना ५५० अंशांवर साठ तास ९९ टक्क्यांच्या वर चालला. बिनलेपाचा त्याच वेळात ८० च्या खाली आला होता. आम्ही दोन्ही आलेख शेजारी लावले, अहवाल लिहिला आणि तो लेप चांगला ठरला. पुढे दुसऱ्या कामासाठी तीच पावडर चौपट वेगाच्या प्रवाहात लावली, तेव्हा कळलं की साठ तासांत तिचंही निम्म्याच्या आसपास काम गेलेलं होतं. ते वर दिसत नव्हतं, इतकंच.

गणित मांडून पाहा. मिथेन जळण्याचा वेग मिथेनच्या प्रमाणाशी जवळजवळ सरळ जातो. सुरुवातीला रूपांतरण ९९.९ टक्के असेल आणि नंतर अर्धं पॅलेडियम निकामी झालं, तर रूपांतरण उतरतं ९६.८ वर. जीसीच्या (वायूंचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राच्या) रोजच्या चढउतारात एवढा फरक सहज लपतो. तेच सुरुवातीला १० टक्क्यांवर चालवलं आणि अर्धं पॅलेडियम गेलं, तर आकडा ५.१ वर येतो. लपायला जागाच नाही.

म्हणून टिकाऊपणाची चाचणी १० ते २० टक्क्यांवर घ्या. पावडर कमी करा, क्वार्ट्झच्या चुऱ्यात मिसळा, प्रवाह वाढवा, काहीही करा, पण आकडा खाली आणा. आणि लेपित-बिनलेपित दोन्ही नमुने सुरुवातीला सारख्या रूपांतरणावर आणून मग घड्याळ सुरू करा. सारख्या वजनावर तुलना केली तर जो नमुना जास्त जोमदार असतो त्याची घट लपते आणि जो मंद असतो त्याची उघडी पडते.

वजनावरून आणखी एक. लेपाचंही वजन असतं. एक ग्रॅम पावडरीचा पृष्ठभाग १०० चौरस मीटर धरला आणि एका फेरीत ॲल्युमिना १.१ अँगस्ट्रॉम (०.११ नॅनोमीटर) चढतं असं मानलं, तर घनता ३ धरून एका फेरीला सुमारे ३३ मिलिग्रॅम होतात. पाच फेऱ्यांत एक ग्रॅमचे १.१६ ग्रॅम. पॅलेडियम तेवढंच राहिलं, पण टक्केवारी १ वरून ०.८६ झाली. "लेपाने क्रियाशीलता चौदा टक्क्यांनी घटली" असं एका सादरीकरणात ऐकलं होतं, ती घट अशी निव्वळ तराजूतली होती. वेग नेहमी पॅलेडियमच्या ग्रॅममागे काढा, पावडरीच्या नाही.

हाच हिशेब उलटाही वापरता येतो. वजन अपेक्षेइतकं वाढलं नसेल तर लेप पूर्ण लागला नाही. यासाठी मोठं यंत्र लागत नाही. बाटली कोरडी करून लेपाच्या आधी आणि नंतर त्याच तराजूवर ठेवायची, बस. ॲल्युमिना हवेतला ओलावा धरून ठेवतं, विशेषतः पुण्याच्या जुलै-ऑगस्टात. म्हणून १२० अंशांवर वाळवून, डेसिकेटरमध्ये थंड करून, लगेच वजन घ्या. एकदा उघड्यावर दहा मिनिटं ठेवलेल्या पावडरीचं वजन डोळ्यांदेखत तिसऱ्या दशांशात चढत गेलेलं मी पाहिलं आहे. त्या दिवशी मोजलेल्या सगळ्या फेऱ्या बाद कराव्या लागल्या.

उघड्या जागा मोजताना होणाऱ्या चुका

कार्बन मोनॉक्साइड किती चिकटतो यावरून उघड्या जागा मोजतात. सूक्ष्मदर्शकात कण ३ नॅनोमीटरचे दिसत असतील तर साधारण १.१ भागिले ३, म्हणजे ३७ टक्के अणू पृष्ठभागावर असायला हवेत. मोजल्यावर ८ टक्केच मिळाले, तर जवळजवळ चार-पंचमांश पृष्ठभाग झाकलेला आहे. आकार तोच आणि जागा गायब: कण गाडले गेलेत. आकार वाढला आणि जागा त्याच प्रमाणात घटल्या: सिंटरिंग. हे दोन आकडे शेजारी ठेवले की अर्धं निदान होतं.

पॅलेडियमसाठी हायड्रोजन वापरत असाल तर सांभाळा. खोलीच्या तापमानाला पॅलेडियम हायड्रोजन नुसता पृष्ठभागावर धरत नाही, पोटात शोषून हायड्राइड बनवतं. मग जागा असतात त्यापेक्षा जास्त दिसतात. मोजणी १०० अंशांवर करा किंवा कार्बन मोनॉक्साइडच वापरा. कार्बन मोनॉक्साइडचीही अडचण आहे: तो कुठे एका अणूवर उभा राहतो, कुठे दोन अणूंमध्ये पूल घालतो. त्यामुळे मिळालेला आकडा अंतिम सत्य मानू नका. त्याच पद्धतीने, त्याच दिवशी मोजलेल्या आधीच्या आकड्याशी त्याची तुलना करा. इन्फ्रारेड मिळत असेल तर फारच चांगलं. उभ्या रेणूंचा पट्टा २०५० प्रति सेंटीमीटरच्या वर दिसतो, पुलांचा २००० च्या खाली. थोड्या फेऱ्यांनंतर पहिला पट्टा आधी बारीक होत असेल, तर लेप कणांच्या काठा-कोपऱ्यांवर आधी बसतोय. तुमची अभिक्रिया कोपऱ्यांवरच चालणारी असेल तर पाच फेऱ्यांतच ती बंद पडेल. सपाट बाजूंवर चालणारी असेल तर याच पाच फेऱ्या तुमच्या फायद्याच्या, कारण सैल अणू निसटतात ते कोपऱ्यांवरूनच.

आकारासाठी एक्सआरडीवर, म्हणजे क्ष-किरणांच्या रेघांवर, विसंबू नका. गॅमा ॲल्युमिनाच्या ठळक रेघा ३९.५, ४५.८ आणि ६७ अंशांच्या आसपास येतात. पॅलेडियमच्या येतात ४०.१, ४६.७ आणि ६८.१ वर. एक टक्का धातूची रेघ आधाराच्या फुगवट्यात बुडून जाते, आणि तीन नॅनोमीटरच्या खालचे कण तसेही दिसत नाहीत. त्यापेक्षा नमुना हवेत ५०० अंशांवर ऑक्सिडाइझ करून ३३.८ अंशांवरची पॅलेडियम ऑक्साइडची रेघ बघा. तिथे ॲल्युमिना फारसं आड येत नाही. ताज्या नमुन्यात तिथे काही नव्हतं आणि चाचणीनंतर धारदार रेघ उभी राहिली, तर कण वाढले.

आणि सूक्ष्मदर्शकाखाली निदान दोनशे कण मोजा. सुंदर दिसणारी एक जागा निवडून पन्नास कणांची सरासरी काढू नका. १२ नॅनोमीटरच्या एका कणात ३ नॅनोमीटरच्या ६४ कणांइतका धातू असतो. पटलावर असे दोन-तीन मोठे कण आले आणि "अपवाद" म्हणून वगळले, तर निम्मं पॅलेडियम वगळल्यासारखं होतं.

दोष पहिला: लेपाला दारंच नाहीत

वजन बरोबर, आकार बरोबर, उघड्या जागा शून्याजवळ. लेप देताना जवळजवळ सगळ्यांची हीच पहिली चूक होते.

लेप अणुथरांच्या पद्धतीने, म्हणजे एएलडीने दिला असेल, तर तो फार चोख बसतो. या पद्धतीचा पाया फिनलंडमध्ये तुओमो सुंतोला यांनी १९७४ मध्ये घातला तो सपाट पडद्यांसाठी, जिथे थराला भोक नसणं हाच गुण होता. उत्प्रेरकाला तोच गुण मारक ठरतो. ट्रायमेथिल ॲल्युमिनियमची एक वाफ, मग पाण्याची एक वाफ, अशा वीस फेऱ्यांत दोन नॅनोमीटरचा अस्फटिक ॲल्युमिनाचा थर चढतो आणि कण आत बंद होतो.

दारं पडतात ती नंतरच्या तापवण्यात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळा आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाने पॅलेडियमवर तब्बल ४५ फेऱ्या दिल्या, त्यांच्या मापाने साधारण ८ नॅनोमीटर, आणि मग ७०० अंशांपर्यंत तापवलं. थरातलं पाणी निघून गेलं, थर आक्रसला आणि त्यात बारीक छिद्रं पडली. त्यानंतर इथेनचं निर्हायड्रोजनीकरण ६७५ अंशांवर चालवूनही कण वाढले नाहीत, कोळसाही फार कमी साचला. आमच्याकडे आलेल्या बाटल्यांवर मात्र "४०० अंश, दोन तास" लिहिलेलं असतं, कारण बिनलेपाच्या पॅलेडियमला तेवढंच भाजायची सवय असते. लेपित पावडर ४०० ला बाहेर काढली तर ती बंदच राहते.

उपाय: हवेत ७०० अंश, दोन तास, आणि तिथवर मिनिटाला एक-दोन अंशांनीच चढायचं. घाईने चढवलं तर आत अडकलेलं पाणी आणि कार्बनी अवशेष एकदम फुटून बाहेर येतात आणि छिद्रांऐवजी तडे पडतात. तडा म्हणजे दार नव्हे, खिंडार. त्यातून कण बाहेर येतो. भाजल्यावर उघड्या जागा पुन्हा मोजा. लेपाआधीच्या ३० ते ५० टक्के परत आल्या तर मी समाधान मानते. ९० टक्के परत आल्या तर लेप खरंच धातूवर आहे का, याची शंका घ्या.

दोष दुसरा: लेप आधारावर, धातू उघडा

हीच ती ९० टक्क्यांची गोष्ट. वजन वाढलंय, उघड्या जागा जशाच्या तशा, आणि चाचणीनंतर कण मोठे झालेत. ॲल्युमिनावर हायड्रॉक्सिल गट दाट असतात, नुकत्याच रिड्यूस केलेल्या (हायड्रोजन देऊन ऑक्सिजन काढलेल्या) धातूवर जवळपास नसतात. द्रवात ॲल्युमिनियमचा अल्कॉक्साइड (पाण्याशी मिळून ऑक्साइड होणारं संयुग) घालून लेप द्यायला गेलं की तो सरळ आधारावर जाऊन बसतो. पाणी जास्त झालं तर आधारावरही बसत नाही, द्रवातच स्वतःचे गोळे करतो, आणि ढवळणाऱ्या चुंबकाभोवती दुधाळ गढूळपणा दिसू लागतो. तो दिसला की ती बॅच तिथेच थांबवा.

यावरचा सगळ्यात नीट विचार केलेला मार्ग मला पॅलेडियम-सेरियाच्या (सेरियम ऑक्साइडच्या) २०१२ च्या कामात दिसतो, आणि ते काम मिथेन जाळण्याचंच होतं. तिथे क्रमच उलटा होता. आधी मोकळ्या कोलॉइडी पॅलेडियम कणांवर, एका टोकाला गंधक आणि दुसऱ्या टोकाला आम्लगट असलेला लांब रेणू बसवला. गंधकाने धातू धरला, आम्लगटाने सेरियमचा अल्कॉक्साइड. असा सेरियाचा कोश कणाभोवतीच गुंडाळला गेला. मग ॲल्युमिनाच्या पृष्ठभागावर सिलेन लावून तो तेलप्रेमी केला, म्हणजे हे कोशवाले कण एकेकटे, गठ्ठा न होता त्यावर बसले. मिथेन ४०० अंशांच्या खाली पूर्ण जळाला आणि ८५० अंशांवर भाजूनही कण वाढले नाहीत. एवढी सोय आपल्याकडे नसेल, तरी क्रम तरी उचलता येतो: कोश आधी, आधार नंतर.

एएलडीने पावडरीवर लेप देताना हाच दोष वेगळ्या रूपात येतो. वरचा थर लेपला जातो आणि भांड्याच्या तळाची पावडर कोरडी राहते. ३०० मिलिमीटरच्या सिलिकॉनच्या चकतीची एक बाजू ०.०७ चौरस मीटर भरते. तुमच्या एक ग्रॅम पावडरीचा पृष्ठभाग अशा चौदाशे चकत्यांएवढा आहे. चकतीसाठी लिहिलेला डोस तिला कसा पुरेल? वाफ बराच वेळ आत ठेवा, पावडर हलती ठेवा, आणि बाहेर जाणाऱ्या वायूत न वापरलेली वाफ दिसू लागेपर्यंत पुढच्या टप्प्याला जाऊ नका. ट्रायमेथिल ॲल्युमिनियम हवा लागताच पेट घेतं. डोस वाढवण्याआधी गळतीची तपासणी आणि बाहेर जाणाऱ्या वाफेची सोय दोनदा बघा. यात कुणीही "एवढ्याने काय होतंय" म्हणू नये.

हे यंत्र नसलेल्यांसाठी द्रवातली एक पद्धत आहे. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएलमधल्या गटाने २०१९ मध्ये ती मांडली: द्रावणात पावडर तरंगत ठेवायची आणि दोन्ही घटक एकाआड एक, पृष्ठभागाला पुरतील एवढेच मोजून सोडायचे, म्हणजे जास्तीचं काही उरतच नाही आणि गोळे होत नाहीत. संयम लागतो, पण काचेच्या भांड्यात होतं.

दोष तिसरा: कोशात काहीतरी अडकलंय

कोलॉइडपासून, म्हणजे द्रवात तरंगत्या कणांपासून, सुरुवात करणाऱ्यांना हा हमखास भेटतो. तिथे कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून सीटीएबी किंवा पीव्हीपी घालतात. कण बनवताना सीटीएबी वापरलं असेल तर त्यातलं ब्रोमाइड धातूला घट्ट धरून बसतं. पीव्हीपी असेल तर त्याची साखळी कोशाखाली जळून कार्बन होते. टायटॅनियम टेट्राक्लोराइडने लेप दिला असेल तर क्लोरीन राहतं. उघड्या जागा कमी दिसतात आणि "लेप जाड झाला" असा निष्कर्ष निघतो. लेप देण्याआधीच एक नमुना बाजूला काढून त्याच्या उघड्या जागा मोजा. तिथेच कमी असतील तर दोष कोशाचा नाही. शक्य असेल तिथे कण दोन-तीनदा धुऊन, ब्रोमाइड काढून मगच वापरा. पीव्हीपी मात्र कोश चढल्यानंतर हवेत ३५० अंशांवर सावकाश जाळा. आधी जाळलं तर कण तिथेच चिकटतात.

स्टोबरच्या पद्धतीने, म्हणजे अल्कोहोल-अमोनियात टीईओएस (सिलिका देणारं द्रव संयुग) टाकून सिलिकाचा कोश करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: बर्कलीच्या गटाने २००९ मध्ये प्लॅटिनमवर सच्छिद्र सिलिकाचा कोश देऊन ७५० अंशांपर्यंत कण टिकवून दाखवले, पण ते प्लॅटिनम होतं. पॅलेडियम सिलिकासोबत हायड्रोजनमध्ये ५०० अंशांच्या वर नेलं तर सिलिसाइड बनू लागतं. रिडक्शन ३०० च्या आसपासच ठेवा.

दोष चौथा: टायटॅनिया "मेलं" आहे असं वाटतं

लेप टायटॅनियाचा (टायटॅनियम ऑक्साइडचा) आहे, हायड्रोजनमध्ये ५०० अंशांवर रिडक्शन केलं आणि उघड्या जागा गायब. पावडर फेकू नका. १९७८ मध्ये टॉस्टर आणि सहकाऱ्यांनी एक्सॉन या अमेरिकी तेल कंपनीत हेच पाहिलं होतं. कारण पुढे स्पष्ट झालं: अर्धवट रिड्यूस झालेलं टायटॅनिया धातूवर सरकतं आणि झाकण घालतं. ऑक्सिजनमध्ये ४०० अंशांवर ठेवून मग २०० अंशांवरच हायड्रोजन दिला की जागा परत येतात. रिडक्शन कायम २०० ते २५० वर करायचं ठरवलं की हा प्रश्न राहत नाही.

याच ओघात: गरम पाण्यात, द्रव अवस्थेत काम करणाऱ्यांनी ॲल्युमिनाचा लेप घेऊच नये. २०० अंशांच्या पाण्यात ॲल्युमिनाचं बोहेमाइट (पाणी धरलेलं वेगळं रूप) होतं आणि लेप आपोआप मोडतो. तिथे टायटॅनिया किंवा झिर्कोनिया घ्या.

दोष पाचवा, जो आम्हाला सगळ्यात उशिरा कळला

सगळे आकडे बरोबर. लेप धातूवर, दारं उघडी, पहिल्या साठ तासांत १५ टक्क्यांवर स्थिर. मग धुराची नक्कल म्हणून ऑक्सिजन कमी-जास्त करायला सुरुवात केली, आणि दहा-बारा आवर्तनांत काम कोसळलं. स्थिर वायूत टिकलेली पावडर बदलत्या वायूत टिकेना.

सूक्ष्मदर्शकात कारण अगदी स्पष्ट दिसलं. रिकामे कोश: गोल, पातळ, कडेला तडा गेलेले, आत काहीच नाही. आणि त्यांच्या शेजारी, उघड्यावर, मोठे काळे कण.

पॅलेडियमची घनता १२.० आहे, पॅलेडियम ऑक्साइडची ८.३. अणुभार धरून हिशेब केला तर ऑक्साइड होताना कण सुमारे दोन-तृतीयांशाने फुगतो, आणि रिडक्शन झालं की पुन्हा आक्रसतो. आम्ही लेप रिड्यूस केलेल्या, म्हणजे आक्रसलेल्या कणांवर घट्ट बसवला होता. पहिल्याच ऑक्सिडेशनला कोश आतून ताणला गेला. तडा गेला, कण बाहेर आला, शेजाऱ्याला चिकटला.

आता आम्ही क्रम बदललाय. आधी पावडर हवेत ५०० अंशांवर ऑक्सिडाइझ करतो, कण फुगलेला असताना लेप देतो, ७०० ला भाजतो आणि मगच पहिल्यांदा रिडक्शन. कण आक्रसतो तेव्हा त्याच्याभोवती मोकळी जागा राहते, आणि पुढे फुगताना तो तेवढ्याच जागेत फुगतो. दुसरा फायदा आपसूक झाला: ऑक्साइड झालेल्या पृष्ठभागावर लेप धरायला ऑक्सिजन असतो, त्यामुळे दोष दुसराही कमी झाला. या क्रमाने केलेल्या पावडरीवर पन्नास आवर्तनांनंतर जी घट दिसली, ती आधीच्या निम्म्याहून बरीच कमी होती. तीही बहुतेक पाण्याचीच, कारण तासभर कोरडी हवा दिल्यावर आकडा १३ वरून पुन्हा १५ च्या जवळ आला.